पुनाजी झाडावर होता

"ते मी नोतो. मी रातभर झाडावर बसून रडत होतो," पुनाजी म्हनला, अन् त्यानं चहाची बशी तोंडाले लावली.

मी कप खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे पाह्यलं. वर्धा टेसनापासचं हाटेल, सकाळची टाइम, कापसाच्या जिनातली रुई उडून उडून हवेत आलेली, कोनाच्या डोक्यावर, कोनाच्या भज्यावर. इचारनारा कारंज्याकडचा ट्रकवाला होता. बिचाऱ्यानं काही वाईट इचारलं नोतं. पैलवानाकडे पोट्टे पाहाते तसा पाहून तो म्हने, "तुमीच काय हो ते गिरडचे पुनाजी? नाकेदाराले एका हातानं उचलून नाल्यात आपटनारे?" जेलात गेलेल्या मानसाले इतक्या मानानं कोनी इचारत नाई. पन पुनाजीचा जबाब आयकला अन् त्याचं तोंड नासक्या दुधावानी झालं. बाकीच्याईकडे वळून म्हने, "घ्या! आमच्या ढाब्यावर याच्या नावानं लोक दंड थोपटते, अन् हा बुवा झाडावर!" सारे हासले. पुनाजीही थोडा हासला, पाहुन्याच्या घरी हासते तसा.

मले हासू आलं नाई. काऊन का ते वाक्य माहं होतं. त्याचं नोतं. गिरडच्या डाकबंगल्यात, सायबासमोर, देवाची आन घेऊन मी बोलली होती, 'तो रातभर झाडावर बसून रडत होता.' 'तो'च्या जागी 'मी' घातलं त्यानं, बस. बाकी सारं तसंच, कानामात्रा न हालवता. अन् ज्या मानसानं जल्मात एक गोष्ट दोनदा सारखी सांगतली नाई, तो मानूस माहं वाक्य पोपटावानी बोलून राह्यला होता.

गाडीची शिटी वाजली. पुनाजी चटकन बाकड्यावरून उठला अन् जमिनीवर उकिडवा बसला, हात गुडघ्यावर. जेलात शिटी वाजली का दोघं दोघं जोडीनं असंच बसा लागे म्हने. घरी येऊन महिना झाला तरी पायातली सवय गेली नोती. मंग त्याच्या ध्यानात आलं, अन् तो चप्पल शोधून राह्यलो असं दाखवत उठला. मी हाटेलवाल्याच्या भिंतीकडे पाहात राह्यली. आपल्या मानसाची अशी गोष्ट पाहू नये. पन दिसते.

हा माहा लहाना भाऊ. अन् मी तुमाले सांगतो, आमच्या तालुक्यात याच्याएवढा थापाड्या झाला नाई. दुसरा नंबर माहा. आमच्या घरी वावर थोडं, गोष्टी गंज. आमचा बुढा सांजचा इस्तो पेटवून बसे अन् अर्धी आपल्या गोंडी बोलीत, अर्धी मराठीत गोष्ट लावे. आमच्यात गोष्ट आयकनाऱ्यानं 'हूं' म्हनलं पायजे. एका मानसानं हूं द्याचा, बाकीच्याईनं आयकाचं. हूं थांबला का गोष्ट थांबली, लोक घरी. पन जोवर हूं चालू हाये तोवर सांगनाऱ्यानं उठाचं नाई, मंग घराले आग लागो. अर्धी सोडलेली गोष्ट सांगनाऱ्याच्या मागं लागते. पुनाजी बोलाले शिकला तवापासून त्याले हूं मीच देत आली. शेख फरीदबाबाच्या टेकडीखाली गोल गोल दगड सापडते ना, व्यापाऱ्याचा माल होता, बाबानं दगड केला म्हनते. पुनाजी सांगे, त्यातलं एक जायफळ दगड व्हाच्या पयले त्यानं खाल्लं होतं. "हूं," मी म्हनो. "मंग पोटात जाऊन त्याचा दगड झाला," तो म्हने. "हूं." "म्हून मी पोहताना बुडतो." अशी ती अक्कल! एक अस्वल त्याच्याकडे रोज चिलीम मांगाले ये, अन् तमाखू संपली सांगतलं तं रुसून बसे. हे आयकून मोठमोठे मानसं पोट धरे. त्याले तं कोंबडी कापा लागली तरी तो माह्याच हातात देऊन मागच्या दारानं जाये. रगत पाहून त्याचे पाय गळत.

रूपराव नाकेदार मेला त्या वर्सी मोह भारी झडला होता. नाकेदार म्हंजे जंगलाचा शिपाई. लय हरामी मानूस. कोन्या बाईच्या डोक्यावरची मोळी सोडून घेतली नाई असं नाई, कोन्या घरची कोंबडी खाल्ली नाई असं नाई. मी पहाटंची टोपलं घेऊन मोह येचाले गेलती. आमच्या वावराच्या धुऱ्यावरच्या मोठ्या मोहाखाली पाहातो तं एक फूल नाई. सारं चाटून साफ. अन् अस्वलाचे पाय उमटलेले, जसं कोनी रातभर तथी फुगडी खेळलं. वरून आवाज आला, "बाई, गेलं काय ते?" वर पाहातो तं पुनाजी, फांदीले बिलगून, डोळे सुजलेले, धोतर ओलं. मी म्हनलं, "उतर खाली, मर्दा. तुह्या चिलीमवाल्या दोस्ताले भ्याला काय?" तो उतरला अन् माह्या पायापाशी बसून असा रडला का मले मस्करी सुचली नाई. म्हने, "अस्वल झाडावर चढते बाई, हे मले माहीत होतं. ते खाली खाऊन राह्यलं होतं अन् मी वर हे आठवून राह्यलो होतो." कोनाले सांगू नको म्हने. मी कोनाले काऊन सांगन? घरी नेलं, कढी भाकर खाऊ घातली.

त्याच सकाळी रूपराव नाल्यात सापडला. डोक्याच्या मागं गोटा लागलेला. दारू पिऊन जाये तो नाल्याच्या काठाकाठानं, पाय घसरला असन, का कोनी ढकललं असन, देवाले माहीत. गावात कोनी रडलं नाई. सांजी चावडीवर मानसं बसले अन् जो तो म्हने, कोन्या मायच्या लालानं केलं असन रे हे? पाय धुवून पानी प्याले पायजे त्याचं! अन् तथी बसलता माहा भाऊ, रातभर धोतर ओलं करून आलेला. आता तुमीच सांगा, अशा वक्ती दुनियेतला कोनता थापाड्या चूप बसन? तो म्हनला, "मी मारलं." कोनीतरी म्हनलं, "हूं."

बस. त्या हूं नं माह्या भावाले नेलं.

पयल्या दिवशी त्यानं नाकेदाराले एका हातानं उचललं. दुसऱ्या दिवशी नरडं दाबलं. तिसऱ्या दिवशी नाकेदार मरता मरता वाघ झाला अन् त्याची शेपटी याच्या हातात राह्यली. लोक हासे, मोहाची दारू पाजे, कोनाच्या घरून रोडगे येत. पोलीस आले तवा त्याईनं चावडीवरच्याच मानसाईले इचारलं, अन् त्या भल्या मानसाईनं, आन घेऊन, जे आयकलं ते सांगतलं. पुढं ज्याईच्या घरी मी कामाले लागली ते वकीलसायब मले समजावून सांगत, पोलिसापुढं कबूल केलं तं ते कोर्टात चालत नाई, पन गावकऱ्यापुढं केलेलं चालते. म्हंजे पोलिसाले खोटं सांगा, माफ हाये. आपल्या मानसाले थाप माराची नाई.

कोर्टात मी बाहेर लिंबाखाली बसली होती. बायाले कोन बलावते? त्याले सरकारनं देल्लेला वकील एक होता, तो सारा वक्त पानाचा डबा उघडे अन् झाके. मी खिडकीजवळ सरकली. आत जजसायब इचारून राह्यले होते, तुला काही सांगायचं आहे काय? पुनाजी उभा होता, अन् त्याच्या समोर एवढी मोठी खोली भरून मानसं, काळे कोट, वरून पंखा ओढनारा, अन् एक मानूस खाली मान घालून त्याचा सबद नं सबद लिहून घेऊन राह्यला होता. आमच्या बुढ्याची गोष्ट जल्मात कोनी लिहून घेतली नोती. पुनाजीनं सुरू केलं. जजसायब म्हनले, "हं." मले बाहेर धडकी भरली. तो थोडा थांबला होता, मी पाह्यलं, त्याले समजून राह्यलं होतं का हे काही बरं होऊन नाई राह्यलं. तेवढ्यात जजसायब म्हनले, "हं. पुढे?" आता तो कसा थांबन? मी गजाले धरून म्हनलं, चूप राह्य रे बाबू, चूप राह्य. चपराश्यानं मले हाकललं. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. दिवसाढवळ्या गोष्ट सांगतली का पोट्ट्याईचा मामा वाट चुकते म्हनते आमच्यात. माह्या पोट्ट्याईचा मामा तोच होता. आतून हासनंही आयकू आलं, वाघाच्या शेपटीपाशी पोचला असन. पन शेपटी लिहिनाऱ्यानं लिहिली नाई. शेपटी सोडून बाकीचं लिहिलं, अन् बाकीच्यावर जन्मठेप भेटली. वीस वर्सं.

मंग मी वर्ध्यालेच राह्यली. नवरा मेलता, पोरगी गंगा इथीच जिनात कामाले होती. कोर्टाच्या फाटकापाशी जो काळा कोट दिसे त्याले हात जोडो. एका बाईनं इचारलं, "कपबशा धुता येतात काय गं तुला?" ते वकिलीनबाई, कौशल्याबाई. मी म्हनलं, "धुता येते, अन् फुटल्या तं अशी गोष्ट सांगता येते का तुमाले राग नाई येनार." अशी मी प्रभाकरराव वकिलाच्या घरी लागली. प्रभाकरराव बेचाळीसच्या धामधुमीत जेलात जाऊन आलते. तथी त्याईनं जे मानसं पाह्यले ते त्याईच्या डोक्यातून गेलेच नाई. ते म्हनत, "स्वातंत्र्य आलं तेव्हा आमच्यासाठी फाटक उघडलं, हारतुरे झाले. आणि आमच्या बराकीत जे पाणी भरत होते, ते तसेच आत. कोणी भाकरीच्या भांडणात विळा मारला, कोणी काहीच नाही, आणि वीस-वीस वर्षं." दर रविवारी ते अन् त्याईचे दोस्त पुंडलिकराव वकील ओसरीवर बसत, अशा मानसाईचे अर्ज लिहित, सरकारनं शिक्षा कमी करावी म्हून. फुकट. कौशल्याबाई चहा पाठवे अन् म्हने, "यांच्या अशिलांपैकी एकानं तरी घरी भाजी आणून दिली का विचार!" एक अर्ज कितीक वर्सं चाले. पुनाजीचा नागपूरच्या सरकारात अडकला होता, तं सरकारच बदललं, वर्धा जिल्हा मुंबईत गेला, अन् कागदाईले मुंबईची वाट सापडेना. पुंडलिकराव हात झटकून म्हनले, "प्रभाकर, सोड आता. राज्यच हललं." प्रभाकररावानं पयल्या सबदापासून अर्ज पुन्हा लिहाले घेतला. त्याईच्या बोटाले शाईचा डाग राहे, तो मी कितीक वर्सं पाह्यला.

त्या अर्जाच्या वक्ती त्याईनं मले ओसरीवर बलावलं. "भागीरथा, त्या रात्री पुनाजी कुठं होता ते तुला माहीत आहे?" मी म्हनलं, माहीत हाये. मले कोनी इचारलंच नोतं. सांगतलं. ते लिहिता लिहिता थांबले. "अस्वल केवढं होतं?" "डाकबंगल्याएवढं." "साहेबासमोर अस्वलाएवढंच ठेव, माझे आई." मंग चष्मा काढून त्याईनं धोतरानं पुसला. म्हनले, "तुला कळतं ना, हे सांगितलं की तो सुटेल. पण तिकडं गावात त्याचं जे नाव झालं आहे..." मी म्हनलं, "नाव घेऊन जेलात काय करन तो? उशाले घेईन?" मोठ्या तोऱ्यात म्हनलं. अजून आठवते तो तोरा.

गिरडच्या डाकबंगल्यात सायब चौकशीले आलते. गावचे सारे मानसं व्हरांड्यात. मी सांगतलं, पुनाजी झाडावर होता. सायब म्हने, "तू सकाळी पाहिलंस. रातभर होता हे कशावरून?" मी म्हनलं, "सायब, त्या मोहाखालचा एवढा मोह चाटाले अस्वलाले रात लागते. अन् अस्वल खाली असताना हा उतरला असन असं तुमाले वाटत असन तं तुमी माह्या भावाले ओळखत नाई." सायब हासला. मागं व्हरांड्यातही हासले. मंग कोनीतरी म्हनलं, "मुतला होता का वं भागीरथे?" अन् मी, बाई, हो म्हनलं. अस्वल मोठं केलं नाई, वाघ आनला नाई. जल्मात पयल्यांदा मी एक गोष्ट जशी होती तशी सांगतली, अन् माह्या मागं पन्नास मानसं माह्या भावाले हासून राह्यले होते, ज्याच्या नावानं इतके वर्सं छात्या फुगवत होते ते. तोंडाले राखेवानी चव आली. तरी मी सांगतच राह्यली, काऊन का सुटन, तो सुटन.

प्रभाकरराव नागपूरच्या जेलात जाऊन त्याले माहा जबाब वाचून दाखवून आले. मी इचारलं, काय म्हनला? ते म्हनले, "ऐकलं सगळं. शेवटी म्हणाला, 'बाईनं चांगली सांगतली.'" मले वाटलं, रागानं म्हनला. मंग वाटलं, माफ केलं. कितीक दिवस ते तीन सबद मी भांडे घासता घासता उलटे-पालटे करून पाह्यले. अन् तो सुटून आला, केस पांढरे, दात पडलेले. माह्या गंगेचे पोट्टे भोवती बसले, "मामाआजा, अस्वलाची सांग ना." पुनाजी म्हनला, "मले येत नाई." लहान पोट्टी तं आधीच 'हूं, हूं' म्हनून राह्यली होती, गोष्ट नसतानाच. तो उठून बाहेर गेला. तवापासून मी मनात हेच धरून होती का मी माह्या भावाले जेलातून काढलं अन् त्याच्या तोंडातली जीभ सायबाच्या टेबलावर ठेवून आली. खऱ्याची लाज वाटून तो मुका झाला. असं मले वाटे. त्या हाटेलातल्या सकाळपावेतो असंच वाटलं.

हाटेलातून बाहेर पडलो. पुनाजी भिंतीच्या कडंकडंनं चाले, जसा रस्ता दुसऱ्याचा हाये. मधातच थांबला. "बाई, अल्लीपूरले मोटर जाते काय?"

"जाते. अल्लीपूरले कोन हाये आपलं?"

"रूपरावची बायको."

मले पयले समजलंच नाई. "तिच्याकडे काय काम?"

"पाय धराचे हाये."

"काऊन? तू काय केलं तिचं?"

तो माह्याकडे पाहाले लागला. कीव आल्यावानी. आजूबाजूले पाह्यलं, एक टांगेवाला घोड्याले पानी दाखवून राह्यला होता, बाकी कोनी नाई. मंग हळूच म्हनला, "बाई, अथी कोनी नाई. मले कायले सांगतं?"

"काय सांगतो मी तुले?"

"झाडाचं."

मी त्याचा हात धरला. म्हनलं, "पुनाजी, तू झाडावर होता रे. मी तुले उतरवलं. कढी भाकर देल्ली."

"चांगली सांगतली तू. मले वकीलसायबानं वाचून दाखवली तवा मी म्हनलं, बुढ्याची पोरगी शोभते. सायबाले पटली, सरकारले पटली. मी बी तशीच सांगतो, एक सबद बदलवत नाई. तुही गोष्ट खोटी पडू नये म्हून."

"अरे ती गोष्ट नाई!"

"असू दे," तो म्हनला. लहान पोराले समजावते तसा. "मले झाड आठवत नाई, बाई. मले त्याची मान आठवते. इथी, अंगठ्याखाली, त्याचा मस होता. मी जेलात किती रात तो मस पुसला, जात नाई."

मस तं त्यानं चावडीवर गोष्टीत घातला होता, वाघाच्या आदल्या दिवशी. मले आठवते, लोक वा वा म्हनले होते. तेवढा मस त्याच्या अंगठ्याले चिकटून राह्यला अन् अख्खं झाड, अस्वल, फांदी, ओलं धोतर, सारं गेलं. मी म्हनलं, "चाल, वकीलसायबाले इचारू. ते सांगन तुले."

"नाई, नाई," तो घाबरला. "त्याईले काही सांगू नको. लय केलं त्याईनं माह्यासाठी. त्याईले वाटते मी झाडावर होतो. देव मानूस हाये, त्याईचं मन मोडन." अन् मंग म्हनला, "तू चाल संग. तू पायजे."

मले वाटलं, मोटरीले भेते. जेलातून आलेल्या मानसाले मोटरीचं भेव वाटते. म्हून मी गेली.

मोटरीत मी त्याले सारं सांगत राह्यली. फांदी कोनती होती, कढीत काय घातलं होतं, कोंबडी कापाले तो कसा पळे. जितकं बारीक सांगो तितका तो मान हालवे, वा, वा, अशी. जल्मभर आमी दोघांनी थापाईले एवढं बारीक काम केलं होतं का आता खऱ्याले येगळा रंगच उरला नोता. बाहेर पऱ्हाट्या फुटलेल्या, पांढऱ्या, वावरात बाया येचून राह्यल्या. त्याईच्या पाठी पाहून वाटे, एखादीले खाली उतरून म्हनावं, माय, तू सांग याले. तुहं तरी खरं मानन. प्रभाकररावानं कागदाईशी भांडून, दोन सरकाराईशी भांडून फाटक उघडलं होतं. ते घरी ओसरीवर दुसऱ्या कोनाचा अर्ज लिहून राह्यले असन, शाईच्या बोटानं, अन् मनात म्हनत असन, पुनाजीचं काम तं झालं. त्याईले मी काय सांगू? का ज्याले काढलं तो अथी, माह्या बाजूले, मांडीवर अंगठा पुसून राह्यला हाये?

रूपरावची बायको यशोदाबाई, तिचं घर गावाच्या कडंले होतं. ती अंगनात सुपानं तूर पाखडत होती. वाळलेली, उंच बाई. पुनाजीनं फाटकातच टोपी काढली.

"मी पुनाजी. गिरडकडचा."

सूप थांबलं. तिनं त्याले पायापासून डोक्यापावेतो पाह्यलं. मंग म्हने, "सुटला काय?"

"सुटलो."

"तुमच्या वकिलाकडचा मानूस आलता चौकशीच्या वक्ती. म्हने, बाई, तुमच्या मालकाले कोनी मारलं नाई, पाय घसरला." तिनं एक खडा उचलून फेकला. "इतके वर्सं मी सकाळी उठून पयले तुमच्या नावानं बोटं मोडो, मंग तोंड धुवो. आता पाय घसरला म्हनते. मंग मी शिव्या कोनाले देऊ? गोट्याले?"

"मलेच द्या," पुनाजी म्हनला. "मीच मारलं. पाय घसरला नाई." अन् तो लंबा झाला, तिच्या पायापाशी, तुरीत.

मी तोंड उघडलं होतं. पन ती बाई रागावली नाई, ओरडली नाई. तिच्या तोंडावर असं काही आलं, लय दिवसाचं ओझं कोनी एका बाजूनं धरलं तं येते तसं. ती खाली बसली. हळूच इचारलं, "तुमी लोक म्हने का तो लय वाईट होता. असन. मले एकच सांगा. पानी मांगतलं काय त्यानं? तहानंचा लय कच्चा होता."

मी पुनाजीले ओळखतो, त्याच्या तोंडातून काय काय निघालं असतं, नदी, सोन्याचा लोटा, बोलनारे मासे. त्यानं जमिनीकडे पाहून सांगतलं, "मांगतलं."

"देल्लं?"

"देल्लं. ओंजळीनं."

तिनं डोळे मिटले. पदर तोंडाशी धरला. मंग मले पाहून म्हने, "तुमी कोन याच्या?"

"बहीन."

"मंग डाकबंगल्यात आन घेनाऱ्या तुमीच. तुमी तं म्हनलं हा तथी नोताच. झाडावर होता. अन् हा म्हनते, पानी देल्लं. आता मले खरं सांगा माय. सायब नाई अथी, वकील नाई, कोनी लिहून नाई घेऊन राह्यलं. देल्लं काय त्यानं पानी?"

सुपात तिचे हात होते, उताने, रिकामे. माह्या मनात एवढंच आलं का झाड म्हनलं तं हे पानी सांडते. एक ओंजळ पानी, जे कोनी कोनाले देल्लंच नाई, ते या बाईच्या तोंडापावेतो आलं हाये, अन् मी हात मारला तं सांडते. माह्यावानी थापाडी बाई, अन् तेवढीशी थाप.

"देल्लं माय," मी म्हनलं. "पानी देल्लं त्यानं."

यशोदाबाई रडाले लागली, आवाज न करता. अन् पुनाजीनं तुरीतून मान वर केली. त्यानं माह्याकडे पाह्यलं, अन् तवा मले समजलं. तो मोटरीले भ्याला नोता. मी रस्त्यात म्हनलं, मोटरीत म्हनलं, ते त्याले गोष्टच वाटे. पन या बाईच्या समोर, मेलेल्याच्या बायकोच्या समोर, भागीरथा खोटं बोलनार नाई, अथी ती नाई म्हनन, हा झाडावर होता म्हनन, अन् मंग त्याले बी ते खरं वाटन, एवढ्यासाठी तो मले संग घेऊन आलता.